मामाच्या ट्रॉम्बोनचा सांधा

गणपामामा आमच्याकडे राहायला आला तेव्हा त्याच्याबरोबर एक वळकटी, एक हिरवी पत्र्याची ट्रंक आणि एक लांबलचक लाकडी पेटी एवढंच सामान होतं. आबा, म्हणजे माझे वडील, दारात आडवे उभे राहिले. त्यांनी त्या पेटीकडे बघितलं आणि विचारलं, "मढंबिढं आणलंस काय रं?" मेहुणा पलटणीतून निवृत्त होऊन कायमचा राहायला आला आहे आणि हे त्याचं स्वागत. मामाही काही कमी नव्हता. त्यानं बूटसुद्धा काढले नाहीत, तिथंच उंबऱ्यावर पेटी उघडली आणि म्हणाला, "बास ट्रॉम्बोन हाय, दाजी. तुमच्या त्या पिपाण्यांच्या घोळक्यात एक तरी खरं वाद्य असू द्या म्हणून आणलंय." आई आतून भाकरीचं पीठ लागलेल्या हातांनी पळत आली, तोवर या दोघांची जुंपलेलीच होती. पुढं जितके दिवस मामा आमच्यात राहिला, तितके दिवस ती तशीच जुंपलेली राहिली.

आमचं घर सांगलीत, हळदीच्या पेठेच्या मागच्या बोळात. पुढच्या खोलीत आबांचा बँड, मागं आम्ही. पुढच्या खोलीत खुंटीला लाल कोट टांगलेले, कोपऱ्यात ढोल, भिंतीला टेकवलेल्या झांजा. हळदीचा बारीक धुरळा सगळ्यावर बसायचा. लाल कोटांच्या कॉलरी कायम पिवळट, आमची वाळत घातलेली धुणी पिवळट, हिवाळ्यात पाणी तापवलं तर त्यावरसुद्धा पिवळा तवंग. सकाळपासून हमालांचा आरडाओरडा, बैलगाड्यांची खडखड, आणि त्यात बँडची पोरं तालमीला बसली की बोलायची सोय नसायची. सगळे ओरडूनच बोलायचे. मला वाटतं आमच्या घरात साधी गोष्टसुद्धा भांडल्यासारखी बोलली जायची ती त्यामुळंच. माझ्या सासरी पहिले काही महिने मला सगळे 'ही तापट आहे' म्हणायचे. तापट तर मी होतेच, पण आवाज तो बँडचा. ढोल सुरू झाला की भाकरी थापणारा आईचा हात नकळत त्याच ठेक्यात पडायचा, हे मात्र मला आवडायचं. तेवढंच काय ते त्या बँडचं मला आवडलं.

मामा पलटणीच्या बँडात जन्म काढून आलेला. लग्न केलं नव्हतं. गावाकडचं घर आणि जमिनीचा तुकडा भावकीनं कधीच गिळून टाकला होता. आईच्या लग्नानंतर थोड्याच दिवसांत आजी-आजोबा पाठोपाठ गेले आणि हा पोरगा घरातून पळून पलटणीत भरती झाला. तेव्हा आपण त्याला जवळ आणायला हवं होतं, हे आईच्या मनाला कायम लागून राहिलेलं. त्यामुळं तो आल्यापासून तिनं त्याला डोक्यावर बसवलं. त्याच्या ताटात पहिली गरम भाकरी, त्याच्या वाटीत तांबड्या रश्श्यावरची सगळी तर्री, शेंगदाण्याच्या चटणीत त्याच्यासाठी लसूण जास्त. आणि तो? जेवून उठला की पाट सरळ ठेवला नाही म्हणून मला झापायचा. माझी वेणी, माझं चालणं, माझं वाचताना पाय हलवणं, सगळ्यावर त्याचे हुकूम. मी तेव्हा मॅट्रिकला होते आणि मला तो मुळीच आवडत नव्हता. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं की भाची मामाची बाजू घेते आहे.

आबांनी त्याला बँडात घेतला तो आईच्या तोंडाकडे बघून. त्याला जायला दुसरं घर नाही हे सगळ्यांना माहीत होतं, आणि आबा ते कुणाला विसरू देत नसत. "खातोय तर फुंकू दे," असं त्याच्यासमोरच म्हणायचे. मामा म्हणायचा, "पलटणीत ह्याला बँड म्हणत न्हाईत, दाजी, कालवा म्हणतात." तरी त्या ट्रॉम्बोनचा आवाज मात्र खरा होता. पलटणीनं कंडम म्हणून लिलावात काढलेला तो मामानं उचलला होता. नळी इतकी लांब की माणसाचा हात शेवटपर्यंत पोचत नसे, म्हणून तिला एक मूठ बसवलेली. ती धरून नळी ढकलायची. बोळात तालीम चालली की समोरून येणाऱ्या हमालाच्या पोटात ती नळी जायची आणि मग शिव्यांची देवाणघेवाण व्हायची. बाकीची वाद्यं वरच्या पट्टीत किंचाळत असायची, त्यांच्या खालून तो बास आवाज असा यायचा की आमच्या मांडणीवरचे पेले थरथरायचे. आबांना तो आवाज हवा होता, माणूस नको होता.

आता सांध्याचं सांगते. या वाद्याचे दोन तुकडे असतात. एक ती सरकती लांब नळी, दुसरा मागं वळून पुन्हा पुढं येणारा कर्णा. वाजवायच्या वेळी नळीचं निमुळतं टोक कर्ण्याच्या नळीत घालायचं, जरा पिळायचं, झालं. स्क्रू नाही, खिळा नाही, काही नाही. पितळ पितळाला धरून बसतं. हा सांधा आईच्या हाताखालून दर सुपारीच्या आधी जायचा. बँडवाल्यांत लग्नाच्या कामाला सुपारी म्हणतात. बाकीची पोरं आपापली वाद्यं ओल्या फडक्यानं पुसून मोकळी व्हायची, पण भावाचा ट्रॉम्बोन आई स्वतः घ्यायची. मोरीपाशी बसायची, दोन्ही तुकडे सोडवायची, आणि भिजवलेली चिंच आणि विटेची वस्त्रगाळ पूड घेऊन असा घासायची की त्यात तोंड दिसावं. जे टोक आत जातं ते तर दुप्पट जोरानं. "वरनं लख्ख आन आतनं मळका, असलं मला चालत न्हाई," असं म्हणायची. मामा तो हातात घेऊन उन्हात धरायचा आणि म्हणायचा, "शाब्बास आक्का. परेडला चालंल." आई लाजायची. घरात तेवढी एकच वेळ असायची की कुणी कुणावर ओरडत नसायचं.

आष्ट्याला आमच्या आत्याच्या सासरचं लग्न होतं, म्हणून बँडबरोबर आम्ही बायकाही गेलो होतो. वरात वेशीपाशी आली, नवरदेव घोड्यावर, पोरं बेभान नाचत होती. मामानं नळी लांब ढकलली आणि कर्णा सुटून रस्त्यावर पडला. नुसता पडला नाही, गडगडत घोड्याच्या पायांत गेला. घोडं बुजलं, नवरदेवाचा फेटा चिखलात. मामा हातात नुसती नळी घेऊन उभा. कुणीतरी ओरडलं, "मिलिट्रीची तोफ फुटली रं!" आणि अख्खी वरात हसायला लागली. मी आबांच्या तोंडाकडे बघितलं. त्यांना खूप राग आला होता, पण त्या रागाच्या खाली त्यांना आनंद झाला होता. हो, आनंदच. इतक्या दिवसांनी मेहुणा चव्हाट्यावर उघडा पडला होता.

घरी येऊन त्यांनी कोटाची बटणंसुद्धा सोडली नाहीत. "साताऱ्याची सुपारी तोंडावर आलीया," ते म्हणाले. "मोठं घर हाय, वाजवलं चांगलं तर त्या बाजूला आपलं नाव हुईल. तिथं जर का ह्यो कर्णा पडला, तर कर्ण्यासंगट तूबी बाहेर. बँडातनं न्हाई म्हणत मी, घरातनं." मामा म्हणाला, "माझ्या वाद्याला कुणीतरी हात लावलाय. पलटणीत इतकी वर्सं वाजवला, कवा पडला न्हाई. हितं आल्यावर कसा पडतुया?" म्हणजे आमच्या पोरांवर आळ. आबा धावून गेले, पोरं धावून गेली, आई मधे पडली. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं माझ्यामार्फत. समोरासमोर बसून "सांग तुझ्या मामाला" आणि "सांग तुझ्या बापाला". मी एकदा दोघांनाही म्हटलं, तुम्हाला कान नाहीत का? त्यावर मात्र दोघांचं एकमत झालं, मला गप्प बसवण्यात.

मग उपाय सुरू झाले. मामानं सांध्याला कागद गुंडाळला, तो थुंकीनं भिजून फाटला. मेण लावून दोरा गुंडाळला, तर कर्णा पडायचा नाही पण वाजवता वाजवता फिरायचा आणि मानेवर आपटायचा. आबा म्हणाले, "डाग देऊन टाका एकदाचा," म्हणजे झाळून कायमचा बंद. आई म्हणाली, "मळ बसला असंल रं आत, म्हणून धरत नसंल," आणि आणखी जोरात घासायला बसली. आज हे लिहिताना मला तिचा तो खाली वाकलेला पाठीचा कणा दिसतो, घाम गळतोय, पुडीनं नखं लाल झालेली, आणि मला ओरडून सांगावंसं वाटतं, अगं थांब. पण तेव्हा मलाही काय माहीत होतं?

शेवटी मामा मिरजेला न्यायला तयार झाला. तिथं वाद्यं दुरुस्त करणारा एक हुसेन मिस्त्री होता, कामाला पक्का पण तोंडाचा फाटका. आबा म्हणाले, "पोरगी बरोबर जाईल." म्हणजे मी हेर. मिस्त्री काय सांगतो ते मी येऊन जसंच्या तसं सांगायचं. सिटी बसमध्ये ती पेटी आडवी ठेवून आम्ही दोघं एक शब्द न बोलता मिरजेला गेलो.

मिस्त्रीनं सांधा सोडवला, टोक डोळ्याजवळ नेलं, नख फिरवलं, आणि मामाच्या अंगावरच आला. "कोण गाढव हाय घासणारा? ह्यो सांधा हाय का खरकटं पातेलं?"

मामा म्हणाला, "नीट बोला. काय झालंय ते सांगा."

"काय सांगू? झिजवून कागद केलाय पितळेचा. ही बघा, विटेच्या पुडीचे ओरखडे. आत जातंय त्याला घासायचं असतंय व्हय? त्यो मळ न्हाई, ती त्याची पकड हाय. कुणी केलं हे?"

मी तोंड उघडणार, एवढ्यात मामानं माझा दंड असा आवळला की वळ उठला. "मीच घासतो," तो म्हणाला.

"मग तुमीच गाढव," मिस्त्री म्हणाला आणि कामाला लागला. तो डाग द्यायला तयार नव्हता; उद्या कुठं पोचा आला तर सगळंच कापावं लागेल म्हणाला. एक निमुळती लोखंडी सळई त्यानं त्या टोकात घातली आणि बाहेरून घोटत घोटत पितळ किंचित फुलवलं. घालून बघायचा, काढायचा, पुन्हा घोटायचा, आणि सबंध वेळ मामाच्या सात पिढ्यांचा उद्धार. मग दोन्ही तुकड्यांना कसलीशी बारीक पेस्ट लावून एकमेकांत फिरवत बसला. अखेर कर्णा बसवला, एक पीळ दिला, आणि नुसत्या नळीला धरून अख्खा ट्रॉम्बोन हलवून दाखवला. कर्णा हलला नाही. "आता सुक्या फडक्यानं नुसता पुसायचा. अजून घासला तर पत्रा फाटंल, मग माझ्याकडं यायचं न्हाई. आलात तर हाकलून देईन."

परतीच्या बसमध्ये मामा प्रथमच माझ्याशी माणसासारखं बोलला. "शाले, ह्यातलं घरात अक्षर काढायचं न्हाई."

"का? आबांना कळू दे की. तुझी चूक नाही, पोरांची नाही."

"तुझ्या बापाला कळलं तर त्यो आक्काला जन्मभर टोचून खाईल. भावाला बाहेर काढायची यवस्था तिनं सोताच्या हातानं केली म्हणंल. उठता बसता म्हणंल. तू काय वळखत न्हाईस तुझ्या बापाला?"

ओळखत होते. ते अगदी तस्संच म्हणाले असते. मी म्हटलं, "मग निदान आईला तरी सांग. नाहीतर ती परत घासेल."

"ते मी बघतो," मामा म्हणाला.

घरी मी आबांना सांगितलं, पितळ जुनं झालंय म्हणाला मिस्त्री. आबांना ते पटलं नाही, पण दुसरं काही हाती लागलं नाही. आणि मामानं 'बघितलं' ते कसं, ते ऐका. पुढच्या सुपारीच्या आधी आई चिंच भिजवून, वीट कुटून, पूड चाळून तयार. पेटी उचलायला गेली तर हा अंगावर खेकसला, "हात लावू नको!"

"आं? का रं?"

"नको म्हटलं ना. माझं मी बघीन."

आईला वाटलं, काहीतरी बिनसलंय डोक्यात, होईल शांत. तिनं संध्याकाळी पुन्हा विचारलं. याचं पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी तो पेठेत गेला आणि पेटीला कुलूप घेऊन आला. बहिणीच्या घरात, बहिणीच्या नजरेसमोर, कुलूप! किल्ली करदोट्याला. मी त्याला मागच्या अंगणात गाठलं आणि म्हटलं, "अरे, सांग ना तिला सरळ." तर म्हणतो, "तिच्या जिवाला लागंल." मी म्हटलं, "मग हे काय लागत नाही?" तर म्हणतो, "लहान हाईस, तुला कळायचं न्हाई." पलटणीत याला हुकूम द्यायला शिकवलं, हुकूम घ्यायला शिकवलं, पण घरच्या माणसाशी दोन शब्द कसे बोलावेत ते कुणी शिकवलंच नाही. मला तेव्हा त्याचा जो संताप आला तो अजून गेलेला नाही. माझी सून म्हणते, एवढ्या वर्षांनी कसला राग धरून बसलाय? मी म्हणते, माझा राग, मी धरीन नाहीतर सोडीन.

आबांना तर आयतंच कोलीत मिळालं. जेवताना म्हणायचे, "बघ गं, तुझ्या भावानं कुलूप घातलंय. घरात चोर शिरला वाटतं कुणी." मग थोडं थांबून, "का घरातलाच हाय?"  आठवडाभरात मामाच्या ताटातली गरम भाकरी गेली. आधी चळतीतली मधली भाकरी आली, मग सकाळची गार. तर्री गेली. 'वाढू का' गेलं. ताट आदळायचं आणि पाठ फिरवायची. त्या घरात एक जागा अशी होती की जिथं भांडण पोचलं नव्हतं, ती या बहीण-भावांची. तिथंही ते पोचलं. मामा गार भाकरी मुकाट खायचा, पाणी प्यायचा आणि पाट सरळ करून ठेवायचा. मला मात्र त्याच्या त्या मुकाटपणानं अंगाची लाही व्हायची.

साताऱ्याला निघायच्या सकाळी बोळाच्या तोंडाशी लॉरी उभी होती. पोरं लाल कोट घालून चढत होती, ढोल वर घेतले होते, आबा ड्रायव्हरवर खेकसत होते. मामा पेटी खांद्यावर घेऊन दारातून बाहेर पडला आणि आई आडवी आली. तिच्या हातात चिंचेचं भगुणं होतं, पदर खोचलेला.

"उघड पेटी," ती म्हणाली.

"आक्का, उशीर हुतोय."

"उघड म्हणते ना. एवढ्या मोठ्या घरची सुपारी. असला काळाठिक्कर बाजा घिऊन जाणार व्हय तिथं? लोक म्हणतील ह्याला मागंपुढं कुणी हाय का न्हाई."

"न्हाई उघडायचा. बाजूला हो."

 आबा पुढं आले आणि त्यांना जे इतके दिवस बोलायचं होतं ते सगळ्यांदेखत बोलले. "आगं, कशाला गळ्यात पडतीस त्याच्या? त्याला वाटतंय, तूच ढिला केलास सांधा. माझ्या सांगण्यावरनं."

आईनं भगुणं खाली ठेवलं. "व्हय रं गणपा? तसं वाटतंय तुला?"

मामानं 'नाही' म्हणायचं होतं. एवढाच शब्द होता. पण 'नाही' म्हटलं तर कुलूप का, ते सांगावं लागलं असतं, आणि आबा शेजारी उभे होते. तो जमिनीकडे बघत राहिला.

"बरं," आई म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला, आणि आमच्या घरात आवाज खाली येणं फार वाईट. "साताऱ्यास्नं परत हितं येऊ नको. तुझी ट्रंक आन वळकटी पाठवून दीन मी सांगशील तिथं."

मग मात्र मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अगं आई, तूच ढिला केलायस तो! विटेची पूड घासून घासून झिजवलास. मिस्त्रीनं सांगितलं मिरजेच्या. आणि हा तुझं नाव येऊ नये म्हणून गप्प बसलाय, तुला परत घासू द्यायला नको म्हणून कुलूप लावलंय, आणि तू त्यालाच हाकलतेस?"

मामानं पेटी खाली ठेवली आणि माझ्या थोबाडीत मारली. उभ्या जन्मात मला बापानं कधी मारलं नव्हतं, यानं मारलं. मी म्हटलं, "मार अजून. खरं ते खरंच." मी तेव्हा बोलले ते बरं केलं, असं मला आजही वाटतं. कुणीतरी बोलायला हवंच होतं, आणि त्या घरातल्या मोठ्या माणसांत तेवढी हिंमत नव्हती.

आबा हसायला लागले. पोट धरून हसायला लागले. "घ्या! म्हणजे भावाच्या पोटावर पाय बहिणीनंच दिला! आन मी खुळा पोरांस्नी शिव्या घालतोय!" अगदी मामा म्हणाला होता तस्संच.

आईनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती मामाजवळ गेली. "मिस्त्रीनं सांगितलं तवाच तुला कळलं?"

"व्हय."

"मग मला सांगता आलं न्हाई? आक्का घासू नको, झिजतंय. एवढं म्हणायला जीभ झडत हुती तुझी?"

"तुला वाईट वाटलं असतं, आक्का."

"आन आता बरं वाटलं व्हय?" आई म्हणाली. "येडी ठरले असते, चाललं असतं मला. चुकतं माणूस. तू चोर ठरवलंस मला माझ्या घरात. गार भाकरी खाल्लीस, पर बोलला न्हाईस. मी काय रडून मरणार हुते का? एवढीबी ताकद न्हाई समजलास आक्काच्यात?" मामानं तिचा हात धरायचा प्रयत्न केला तो तिनं झटकला. "मगाशी रागानं म्हटलं हुतं. आता इचार करून म्हणते. परत येऊ नको."

मामानं पेटी उचलली आणि लॉरीत चढला.

साताऱ्याची वरात मी बघितली नाही. आबांनी सांगितलं ते सांगते, आणि आबांनी मामाचं कौतुक करावं ही गोष्टच अशी की ती खोटी असायचं कारण नाही. ते म्हणाले, ऊन डोक्यावर असल्यापासून दिवेलागणीपर्यंत गडी वाजवत होता. एकदाही खाली ठेवला नाही. चढ आला, उतार आला, पोरांनी नाचताना धक्के मारले, सांधा जागचा हलला नाही. त्या मोठ्या घरचा म्हातारा स्वतः खाली येऊन विचारून गेला, हा मागचा आवाज कशाचा? काम संपल्यावर सगळे लॉरीत चढले, मामा चढला नाही. शिरवळला पलटणीतला एक दोस्त कारखान्यावर वॉचमन होता, त्याच्याकडे जातो म्हणाला. आबांनी साताऱ्याचे कंदी पेढे आणले होते. आईनं पुडा उघडला नाही, शेजारी देऊन टाकला.

त्यानंतर आबांचा बँड पोकळ झाला. मला संगीतातलं काही कळत नाही, पण तेही ऐकू यायचं. वर नुसता किचकिचाट, खाली काही नाही. पेले थरथरत नव्हते. आबा बरेच दिवस पोरांवर चिडले, मग स्वतःवर चिडले, आणि एक दिवस तालीम अर्ध्यावर बंद करून आत आले आणि म्हणाले, "गणपाला आणतो मी." ज्या माणसाला घालवायला जिवाचं रान केलं, त्यालाच आणायला निघाले. आई चुलीपुढं होती. तिनं मामाचं नाव घरात घ्यायला बंदी केली होती. मी एकदा म्हटलं होतं, एक कार्ड टाकते शिरवळला, तर म्हणाली, हात मोडीन तुझा. पण मामाची ट्रंक आणि वळकटी तिनं पाठवली नव्हती. मामानं निरोप धाडून मागितली, तरी नाही.

आबांनी विचारलं, "काय सांगू त्याला?"

"काय सांगायचं न्हाई," आई म्हणाली.

आबा गेले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एकटेच परत आले. आई भाकऱ्या करत होती. तिनं मागं वळून दाराकडे एकदा बघितलं, मग पुन्हा परातीकडे वळली. आबा भिंतीला टेकून बसले. मी पाणी दिलं. 

"कसा हाय?" आईनं विचारलं, पाठमोरीच.

"बरा हाय. वाळलाय. गेटावर खुर्ची टाकून बसतोय."

"मग?"

"म्हटलं चल घरी. झालं गेलं सोडून दे. तर उठला. चहा सांगितला माझ्यासाठी. मग इचारलं, आक्कानं बोलावलंय का?"

आईचा हात भाकरीवर थांबला. "तुमी काय सांगितलं?"

"काय सांगणार? खरं ते सांगितलं. म्हटलं न्हाई बाबा, तिनं न्हाई बोलावलं, माझा मी आलोय."

माझे वडील धंद्यातलं खोटं इतक्या सफाईनं बोलायचे की ऐकणाऱ्याला गोड वाटावं. पेठेतल्या फोनवरून गिऱ्हाइकाला लॉरी आष्ट्यापर्यंत आली म्हणून सांगायचे तेव्हा आम्ही अजून घरात कोट झटकत असायचो. आईनं तव्यावरची भाकरी उलटली नाही. ती करपायला लागली, धूर झाला, मी पुढं झाले तर तिनं मला हातानंच मागं सारलं.

"जल्मभर जगाला खोटं सांगत आला," ती म्हणाली. "आजच तुमाला खरं बोलायचं सुचलं व्हय?"